पुडी आणि पट्टी

(गोखिवरे, वसई पूर्व येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



संयोजकांनी मला आधी ‘ताणतणाव आणि तरुण पिढी’ असा विषय सुचवला होता. त्या नावाखाली काहीही बोललं तरी चालतं आणि ऐकणारा घरी जाताना काही घेऊन जात नाही, म्हणून मी नको म्हटलं. आज एकाच गोष्टीबद्दल बोलते. डॉक्टरांनी उदासीच्या आजारावर दिलेली गोळी चालू आहे, आणि त्याच दिवसांत माणूस एमडी, कोकेन किंवा एक्स्टसी असलं अंगात तेजी आणणारं काही घेतो. तेव्हा शरीरात काय घडतं? पुडी मित्राकडून येते, गोळ्यांची पट्टी मेडिकलमधून येते. दोन्ही एकाच खिशात असतात आणि एकीची खबर दुसरीला नसते.

पुढच्या रांगेतल्या काही चेहऱ्यांवर ‘हे आपल्याकडे कुठं?’ असं दिसतंय. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकानं सातशे किलोच्या वर एमडी पकडलं, किंमत सुमारे १,४०० कोटी सांगितली. पकडलं कुठं, तर नालासोपाऱ्यात. वसई रोडनंतरचं पुढचं स्टेशन. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांना हाच माल दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यात सापडला. म्हणजे बोटीतून, विमानातून चोरून येणाऱ्या मालाची ही गोष्ट नाही. आपल्या सातिवली-वालीव पट्ट्यात आहेत तसल्याच शेडमध्ये, तसल्याच पिंपांत हे शिजतं.

या पदार्थाचं पूर्ण नाव मेफेड्रोन. १९२९ साली तो पहिल्यांदा तयार झाला आणि पुढं सत्तरएक वर्षं कोणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग परदेशात झाडांचं खत म्हणून पाकिटांतून विकला जाऊ लागला. ब्रिटननं एप्रिल २०१० मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्याकडे फेब्रुवारी २०१५ मध्ये तो अमली पदार्थांच्या कायद्याखाली आला. पण तोवर मुंबईतल्या पोरांच्या तोंडी त्याचं ‘म्याऊ म्याऊ’ हे लाडाचं नावही बसलं होतं.

आकडा फुगवून घाबरवायचं माझ्या मनात नाही. दिल्लीच्या एम्सनं केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात ॲम्फेटामिनच्या जातीची उत्तेजकं घेणारे ०.१८ टक्के होते, म्हणजे हजारात दोनसुद्धा नाहीत. दारू पिणारे १४.६ टक्के. तेव्हा सगळं गाव यात बुडालंय असं मी म्हणत नाही. पण माझ्याकडे उपचारासाठी येणाऱ्यांत हे घेणारे फक्त पार्टीतले नसतात. रात्रपाळी करून लगेच दुसऱ्या पाळीला उभा राहणारा असतो. हायवेवर सलग गाडी हाकणारा असतो. मन इतकं मेलंय की निदान चार तास तरी जिवंत वाटावं, म्हणून घेणाराही असतो. हा शेवटचा माणूस माझ्या विषयाचा. कारण याला आधीच उदासीचा आजार आहे, आणि पुष्कळदा त्याच्या नावानं एक चिठ्ठीही फाटलेली आहे.

आता आत काय होतं ते पाहू. वसईकरांना खाजण सांगायला नको. बांध असतो, बांधाला उघाडी असते, भरती-ओहोटीप्रमाणं पाणी आत-बाहेर होतं. मेंदूत दोन पेशींच्या मध्ये अशीच एक बारीक फट आहे, आणि त्या फटीत सेरोटोनिन नावाचं रसायन सोडलं जातं. काम झालं की ते ज्या पेशीतून आलं तिच्यातच उघाडीतून परत ओढलं जातं. आत परतलेल्यातलं जास्तीचं एक विकर मोडून टाकतं. त्याचं नाव माओ. (चीनच्या माओशी संबंध नाही, हे दर वेळी सांगावं लागतं.) एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन या रोजच्या गोळ्या उघाडी अडवून धरतात. पाणी फटीत थोडं जास्त वेळ राहतं, आणि दोन ते चार आठवड्यांत मनाला उभारी येऊ लागते. हे सगळं हळूहळू आणि मापात होतं.

एमडी आणि एक्स्टसी ही उघाडी उलटी चालवतात. आत साठवलेलं सगळं एकदम बाहेर ओततात. त्या तासा-दोन तासांत ‘जगात भारी’ वाटतं ते याचमुळं. कोकेनची रीत वेगळी. ते आतलं ओतत नाही, पण सेरोटोनिनबरोबर डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन यांच्याही उघाड्या बंद करतं.

मग दोन्ही एकत्र आल्यावर काय होतं? इथं बहुतेकांचा अंदाज चुकतो. गोळीवर पुडी म्हणजे दुप्पट नशा असं लोक धरून चालतात. एक्स्टसीबाबत प्रयोगशाळेत माणसांवर झालेले अभ्यास उलटं सांगतात: उघाडी आधीच अडवलेली असते, त्यामुळं नशा फिकी पडते. ऐकायला ही चांगली बातमी वाटते. पण घेणाऱ्याला वाटतं की माल हलका निघाला, आणि तो आणखी घेतो. नशा फिकी झाली तरी हृदय आणि रक्तदाब यांच्यावरचा ताण पुरता जात नाही. शिवाय पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन या गोळ्या यकृतातलं एक विकर रोखतात, आणि एक्स्टसीचा निचरा करण्याचं बरंचसं काम तेच विकर करतं. म्हणजे मजा कमी, मुक्काम जास्त. एमडी त्याच उघाडीवर काम करतं आणि त्याचा निचराही बहुतांशी त्याच विकरावर अवलंबून असतो. तेव्हा ते सौम्य वागेल असं मानायला काही आधार नाही.

काही पोरं यावर तोडगा काढतात. शनिवारी मजा यावी म्हणून गुरुवारपासून गोळी बंद ठेवतात. फ्लुओक्सेटिन आणि त्यापासून शरीरात तयार होणारा पदार्थ आठवडेच्या आठवडे अंगात राहतो, त्यामुळं दोन दिवसांच्या खाड्यानं तो जात नाही. पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन मात्र दोन दिवस चुकवली की चक्कर येते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं, चिडचिड आणि रडू येतं. पहिल्या गोळीत तोडगा फुकट जातो, दुसरीत अंगावर येतो.

सगळ्यात वाईट जोडी माओलाच रोखणाऱ्या औषधांशी जमते. उघाडी उलटी फिरलेली आणि मोडून टाकणाराही बांधलेला, मग पाणी कुठं जाणार? या जोडीनं माणसं मेल्याच्या नोंदी आहेत. तुम्ही म्हणाल, ही जुनी औषधं आता कोण लिहितं? उदासीसाठी फारसं कोणी लिहीत नाही, हे खरं. पण क्षयाच्या औषधाला दाद न देणाऱ्या क्षयावर आपल्याकडे लिनेझोलिड देतात, आणि ते मंदपणे का होईना, माओला रोखतं. यात इतिहासाचा एक गमतीशीर धागा आहे. पहिलं उदासीविरोधी औषध क्षयाच्याच वॉर्डात सापडलं. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड नावाचं क्षयाचं नवं औषध घेणारे खंगलेले रोगी हसू-बोलू लागले, वॉर्डात नाचू लागले. ते माओ रोखणारं औषध होतं. क्षय आणि उदासी ही आपल्या चाळींत एकाच खोलीत राहतात, म्हणून लिनेझोलिड चालू असलेल्या घरात ही गोष्ट माहीत हवी.

दुसरी एक अडचण मला याहून मोठी वाटते. आपण उदासीविरोधी गोळी घेतोय हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. सततच्या डोकेदुखीसाठी ॲमिट्रिप्टिलिन दिलेली असते, रोगी तिला ‘डोक्याची गोळी’ म्हणतो. मधुमेहात तळपायांची आग होते म्हणून ड्युलोक्सेटिन देतात, ती ‘नसांची गोळी’. सिगारेट सुटावी म्हणून ब्युप्रोपियॉन देतात; तिनं फेफरं येण्याची शक्यता वाढते, आणि उत्तेजकांनीही तीच वाढते. आणि डॅपॉक्सेटिन! लवकर वीर्यपतन होतं म्हणून तरुण मुलं मान खाली घालून मेडिकलमध्ये मागतात ती गोळी. तीही एस्सिटॅलोप्रॅमच्याच घरातली आहे. तिच्याबरोबर उत्तेजक नशा करू नये अशी स्पष्ट सूचना तिच्या माहितीपत्रकात असते. ते पत्रक पाकिटासकट काउंटरवरच राहतं, गोळ्या तेवढ्या कापून दिल्या जातात. ज्या रात्री ही गोळी घेतली जाते, त्याच रात्री पुडी घेतली जाण्याचा संभव किती, ते मी वेगळं सांगायला नको.

आता एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पावसाळ्याचे दिवस. पंचविशीच्या आतला, गाळ्यात मशीनवर काम करणारा मुलगा रात्री उशिरा आणला. अंगात सणसणून ताप, कपडे घामानं चिंब, हातापायांना थरथर, एका जागी ठरत नव्हता. आई म्हणाली, मलेरिया असणार. पावसाळ्यात वसईत दुसरं काय मनात येणार? वाटेत जवळच्या दवाखान्यात तापाचं आणि अंगदुखीचं अशी दोन इंजेक्शनं घेऊन झाली होती. मी त्याच्या पायाकडे गेले. गुडघा किंचित वाकवून पाऊल हातात धरलं आणि वरच्या बाजूला एक झटका दिला. पाऊल माझ्या तळव्यावर आपसूक टकटक करत राहिलं, थांबेचना. याला क्लोनस म्हणतात. साध्या मलेरियात हे होत नाही. हातांपेक्षा पाय जास्त ताठ, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, पोटात सारखी गुडगुड. यादी पुरी झाली. सेरोटोनिन अंगात उसळलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये या आजाराच्या निदानाचे जे निकष मांडले, त्यांत सगळ्यात जास्त वजन या टकटकीलाच आहे.

आईला बाहेर बसवून मी मुलाला विचारलं, तेव्हा कळलं. एस्सिटॅलोप्रॅम चार महिने चालू होती, लांबच्या एका डॉक्टरांनी दिलेली. घरी माहीत नव्हतं. संध्याकाळी मित्राकडची पुडी घेतली होती. आणि अंगदुखीचं इंजेक्शन ट्रॅमाडॉलचं निघालं. ट्रॅमाडॉल दुखणं थांबवतं आणि सेरोटोनिनही वाढवतं. तिघांनी तीन गोष्टी दिल्या. तिघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. सगळं ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि तो आईसमोर बोलत नव्हता.

मला आज सांगायचंय ते एवढंच आहे. हे मिश्रण कोणी एक माणूस करत नाही. ते तीन टेबलांवर तुकड्यातुकड्यानं तयार होतं आणि चौथ्याच्या रक्तात एकत्र येतं. त्याला तोंड उघडता आलं तर बहुतेक वेळा माणूस वाचतो. हा मुलगा वाचला. सगळी औषधं बंद केली, अंग गार केलं, सलाईन लावलं, स्नायू सैल पडावेत म्हणून लोराझेपाम दिलं. सायप्रोहेप्टाडिनही दिलं. होय, मुलं जेवत नाहीत म्हणून तुम्ही भूक वाढवायचं जे सिरप आणता, तेच औषध. ते सेरोटोनिनला अडवतं. पॅरासिटॅमॉलचा इथं उपयोग होत नाही, कारण ताप जंतूंमुळं आलेला नसतो, ताठ झालेले स्नायू भट्टीसारखी उष्णता तयार करत असतात. असा आजार बहुधा औषधं एकत्र आल्यावर काही तासांतच सुरू होतो, चोवीस तासांच्या आत कळतो, आणि वेळेवर ओळखला तर एक-दोन दिवसांत ओसरतो. ताप १०६ च्या पुढं गेला की मात्र मूत्रपिंडापासून रक्तापर्यंत सगळं ढासळू लागतं.

न ओळखल्यास काय होतं, त्याचं जगाला माहीत असलेलं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. लिबी झायन, वय १८, ४ मार्च १९८४ च्या रात्री तापानं आणि थरथरीनं न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये दाखल झाली. तिला उदासीसाठी फेनेल्झिन चालू होतं, म्हणजे माओ रोखणारं औषध. थरथर थांबावी म्हणून तिथं पेथिडिन दिलं गेलं. या दोघांचं वैर आहे. ती जास्तच बेचैन झाली तेव्हा तिला पलंगाला बांधलं. सकाळी ताप १०७ वर गेला आणि ती गेली. तिनं कोकेन घेतलं होतं का, यावर कोर्टात वर्षानुवर्षं भांडण झालं. तिचे वडील सिडनी झायन पत्रकार होते. त्यांनी प्रकरण सोडलं नाही. त्यातून १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं शिकाऊ डॉक्टरांचे कामाचे तास आठवड्याला ८० वर आणले. झोप न मिळालेल्या डॉक्टरांची चर्चा या प्रकरणानंतर जगभर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण मला त्यातला दुसरा भाग जास्त बोचतो. अठरा वर्षांच्या मुलीला ‘अजून काय काय घेतेस?’ हा प्रश्न, खरं उत्तर देता येईल अशा तऱ्हेनं, त्या रात्री विचारला गेला असता का?

सेरोटोनिनची उसळी ही ठळक गोष्ट, पण ती रोज घडत नाही. रोज घडतं ते मंगळवारी. शनिवारी पुडी घेतली, रविवार झोपेत गेला, आणि सोमवार-मंगळवारी मन खोल खड्ड्यात जातं. पोरं त्याला ‘उतरणं’ म्हणतात. तो मुलगा बुधवारी माझ्यासमोर बसतो आणि सांगतो, गोळीचा काही उपयोग नाही, उलट वाईट वाटतंय. मला शनिवार माहीत नसेल तर मी काय करणार? मात्रा वाढवणार. महिन्यानं गोळी बदलणार. मग झोपेची गोळी जोडणार. तो ती झोपेची गोळी पुडीचा अंमल उतरवायला वापरणार. चिठ्ठी लांबत जाते, आजार तिथंच. आणि त्या मंगळवारच्या खड्ड्यात जिवाचं बरंवाईट करून घेण्याचे विचार येतात, हा धोका मला तापापेक्षा मोठा वाटतो. कोणाला असा विचार येत असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर दिवस-रात्र चालू असतो. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

आणखी एक. कोणाकोणाचा आजार साध्या उदासीचा नसतो, द्विध्रुवी असतो, म्हणजे कधी खाली, कधी फार वर. त्याला गोळी आणि पुडी दोन्ही वरच्याच दिशेला ढकलतात. चार रात्री झोप नाही, हातात असतील तेवढे पैसे उधळलेले, शेजारचे आपल्याविरुद्ध कट करतायत अशी खात्री. घरचे मग देवर्षी शोधतात.

हे ऐकून घरी जाऊन कोणी पोराची गोळी बंद करू नका. माझ्या बोलण्याचा तसा अर्थ काढला गेला तर मी आज इथं आलेच नसते तर बरं झालं असतं. गोळी बंद केली की आजार परततो, आणि आजार परतला की पुडीची ओढ वाढते. ज्याला दोन्ही चालू आहेत त्याच्यावर उपचार होतात आणि दोन्हींवर एकत्र होतात. पुण्यात अनिल आणि अनिता अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, तेव्हा महाराष्ट्रात गर्द नावाच्या नशेचं थैमान होतं आणि व्यसनी म्हणजे वाया गेलेला हाच समज होता. बांद्र्याच्या फादर जो परेरांनी त्याआधी, १९८१ मध्ये, कृपा फाउंडेशन उभं केलं. वसईतही कृपाचं काम आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. दार नाही असं नाही. दाराशी जायची लाज आहे.

लाजेइतकीच पोलिसांची भीती. म्हणून कायद्याचं थोडक्यात सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणं रुग्णानं डॉक्टरला सांगितलेली माहिती गोपनीय राहते. दारू आणि नशेमुळं होणारे मानसिक त्रासही त्या कायद्यात येतात. आणि अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे: थोड्या प्रमाणातल्या पदार्थाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल आणि ते पुरे करत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. विक्रेत्याला ही सवलत नाही.

सभागृहात काही मेडिकलवाले आणि दवाखाने चालवणारे डॉक्टर बसलेले दिसतायत. तुम्हाला माझी हात जोडून विनंती आहे. जुन्या चिठ्ठीवर, तारीख दुमडून, अर्धी पट्टी मागणारा येतो. त्याला हाकलू नका. बाजूला घेऊन विचारा, आणखी काय चालू आहे. अंगदुखीच्या तापकऱ्याला ट्रॅमाडॉल टोचण्याआधी हाच प्रश्न विचारा. आई-बाप, बायको, मालक बाहेर असताना विचारा. उत्तर आलं तर कपाळाला आठी घालू नका. एकदा आठी दिसली की पुढच्या वेळी तो मुलगा खोटं बोलतो, आणि त्या खोट्याची किंमत त्याच्या अंगातून वसूल होते.

घरच्यांना सांगते. घरात जी जी पट्टी आहे तिचा फोटो फोनमध्ये ठेवा, नाव दिसेल असा. ताप, थरथर, ताठ पाय आणि बेचैनी एकदम आली तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा, अंगावरचे जास्तीचे कपडे काढा, अंग गार ठेवा. पुडी घेतल्याचं माहीत असेल तर ते रुग्णालयाच्या दारातच सांगा, नाव घेऊन. इज्जतीचा विचार नंतर करता येतो. व्यसनातून बाहेर यायचं असेल तर १४४४६ हा सरकारी नंबर आहे. नंबर लिहून घ्या: १४४१६, १४४४६, १०८. प्रश्न सगळ्यांसमोर विचारायचे नसतील तर कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या खोलीत थांबते आहे.